कुरणात का शिरले नाही गाजर गवत? त्र्यंबक रस्त्यालगतच्या एका गायरानाचे प्रकरण

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळले की डोंगराच्या पायथ्याशी एका गावाचे गायरान लागते. उतार एकच, पण त्याचे तीन तुकडे पडले आहेत. वरच्या अंगाला राखलेले कुरण. तिथले गवत दिवाळीच्या आगेमागे कापतात आणि गंजी रचतात. मधल्या पट्ट्यात काही वर्षांपूर्वी एका योजनेतून जेसीबीने खोदलेले सलग समतल चर आणि झाडांसाठीचे खड्डे. खाली वाटेला लागून गुरे बसण्याची जागा. ऑगस्टच्या शेवटी समोरच्या टेकाडावरून पाहिले तर चरांच्या ओळी पांढऱ्या दिसतात, कारण त्यांच्या भरावावर गाजर गवत फुललेले असते. कुरणात मात्र शोधून शोधून एखादे रोप सापडते. पाऊस तोच, ऊन तेच, आणि बी उडून पडायला अंतर म्हणाल तर काही पावलांचे.

या फरकाचे कारण काय, आणि ते कळल्यावर मधला पट्टा सुधारता येतो का, या दोन प्रश्नांभोवती हे प्रकरण फिरते.

गाव स्वस्थ बसलेले नव्हते. बचत गटाच्या बाया, शाळेची मुले, तरुण मंडळ, सगळ्यांनी मिळून दर पावसाळ्यात गाजर गवत उपटले होते. त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे कित्येकांच्या हातांवर पुरळ आले, काहींना दम लागू लागला. पुढच्या पावसात रान पुन्हा तेवढेच पांढरे. हे तण भारतात पहिल्यांदा पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदले गेले. त्याच्या एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा-पंचवीस हजार बिया धरतात, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि एका पावसाळ्यात त्याच्या एकाहून जास्त पिढ्या उरकतात. मातीत पुरलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून गावाने मला बोलावले, आणि पहिलाच प्रश्न आला, "ताई, कोणतं औषध मारायचं तेवढं सांगा."

औषधाआधी कुरण पाहू, असे मी म्हटले. सोबत आलेल्या एका आजींनी उत्तर जवळजवळ तिथेच दिले. "कुरणात त्याला बसायला जागा हाय कुठं?" कुरणात शेडा, पवन्या, डोंगरी आणि कुसळी ही देशी गवते दाटीने उभी होती. मधूनमधून उन्हाळी, कवला, तेरडा. गवताच्या ठोंबांमध्ये हात घातला तर बोटांना माती लागण्याआधी मुळेच लागतात. गाजर गवताच्या बारीक बियाला उगवायला उघडी माती आणि उजेड हवा. इथे दोन्ही नाही.

देशी झाडोरा दाट आणि विविध असेल तर परकी वनस्पतीला शिरकाव अवघड जातो, ही मांडणी ब्रिटिश परिसंस्थाशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५८ मध्ये केली होती. पुढे अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर ती थोडी सौम्य झाली. देशी वनस्पती आक्रमकाला बहुधा पूर्ण अडवत नाहीत, त्याचा वेग आणि जोर कमी करतात. आजींचे म्हणणे या चौकटीत नेमके बसते.

तरी एक गोष्ट त्यात बसत नव्हती. कुरणात कुंपणाचे खांब रोवताना गवत निघालेल्या काही जागा होत्या. तिथे उजेड होता, उघडी माती होती आणि गाजर गवत उगवलेही होते. पण ती रोपे चरावरच्या रोपांपुढे खुरटलेली, बोटभर उंचीवरच एखाददुसरे फूल काढून संपणारी. म्हणजे जागा मिळूनही काहीतरी त्यांना मागे खेचत होते. इथून आमचे लक्ष मातीकडे वळले.

चर खोदताना काय उलटले

सलग समतल चरांना माझा सरसकट विरोध नाही. उघड्या, धुपलेल्या उतारावर ते पाणी अडवतात आणि खालच्या विहिरींना त्याचा लाभ होतो. इथे मात्र ते कुरणाचाच खालचा भाग फोडून खोदले गेले. बेसाल्टच्या या उतारांवर सुपीक माती वीत-दीड वीतच असते, तिच्याखाली मुरूम. जेसीबीने वरची माती खाली गाडली आणि खालचा मुरूम भरावावर आणून टाकला.

त्या वीतभर मातीत नुसती खनिजे नसतात. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत मायकोरायझा प्रकारच्या बुरशीचे धागे शिरलेले असतात. हे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने मातीच्या अशा फटींत पोचतात जिथे मूळ पोचत नाही. तिथून ते स्फुरद आणून झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. आपल्या बेसाल्टी मातीत स्फुरद असतो, पण तो चुना आणि लोह यांना घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे हा व्यवहार इथल्या गवतांसाठी फार मोलाचा. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतल्या उंच गवतांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की ही बुरशी काढून घेतली तर ती गवते जेमतेम जगतात. आपले शेडा, पवन्या, कुसळी, मारवेल त्याच गटातले, म्हणजे ऊस आणि ज्वारीचे सगेसोयरे. माती उलटीपालटी केली की या धाग्यांचे जाळे तुटते. यजमान मुळे नसलेल्या ढिगात ते फार काळ तग धरत नाही.

गाजर गवताच्या मुळांतही ही बुरशी शिरते. पण ते पडीक, विस्कटलेल्या जमिनीवर झटपट वाढणारे वर्षायू तण आहे. बुरशी नसली तरी त्याचे अडत नाही. त्यामुळे जाळे तुटल्यावर नुकसान दोघांचे सारखे होत नाही. माझ्या मते या गायरानाच्या गोष्टीचा गाभा हाच आहे.

मातीतल्या जीवसृष्टीची दुसरी बाजू शत्रूंची आहे. कॅनडातले जॉन क्लिरोनोमोस यांनी २००२ मध्ये दाखवले की काही वनस्पती आपल्या मुळांभोवती आपल्यालाच मारक असे रोगजंतू भराभर साठवतात आणि म्हणून विरळ राहतात. आक्रमक परक्या वनस्पतींच्या बाबतीत ही साठवण फारशी होत नाही. रेगन कॅलवे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सेंटॉरिया या युरोपीय तणावर काम केले. युरोपातल्या मायभूमीच्या मातीत सूक्ष्मजीव त्याला दाबतात, अमेरिकेच्या मातीत ते आपल्याला सोयीचे सूक्ष्मजीव वाढवून घेते. आपल्या सह्याद्रीशी सगळ्यात जवळचा पुरावा रानमोडी या परक्या झुडपाचा. दिल्ली विद्यापीठाचे इंद्रजित, त्यांच्या सहकारी मंगला आणि कॅलवे यांनी २००८ मध्ये पश्चिम घाटातल्या रानमोडीच्या मुळांजवळची माती तपासली. तिच्यात फ्युजेरियम बुरशीचे बीजाणू कित्येक पटींनी जास्त निघाले. या बुरशीने रानमोडीचे फारसे बिघडत नाही, पण शेजारच्या देशी वनस्पतींची वाढ खुंटते. माती निर्जंतुक केली की हा परिणाम नाहीसा होतो.

हे सगळे वाचून गाजर गवतही असेच करत असणार असे गृहीत धरणे सोपे होते. त्या मोहात न पडता आम्ही कुंड्या मांडल्या.

कुंड्यांतली तपासणी

प्रयोग साधा होता, पण एका बाबतीत काळजी घ्यावी लागते. माती शिजवून निर्जंतुक केली की तिच्यातले मेलेले जंतू कुजून नत्र मोकळे होते आणि सगळ्याच रोपांना फुकटचे खत मिळते. मग वाढीतला फरक जंतूंमुळे पडला की खतामुळे, हे सांगता येत नाही. त्यावर उपाय असा की प्रत्येक कुंडीत नऊ भाग माती एकाच ढिगातली, प्रेशर कुकरमध्ये एका दिवसाच्या अंतराने दोनदा शिजवलेली घ्यायची आणि दहावा भाग तेवढा बदलायचा: कुठे कुरणाची जिवंत माती, कुठे चराच्या भरावाची जिवंत माती, कुठे याच दोन्ही माती शिजवलेल्या. खताचा हिशेब सगळीकडे जवळपास सारखा राहतो, फरक उरतो तो जिवांचा. एका संचात शेडा, एकात गाजर गवत, एकात दोन्ही मिळून. कुंड्यांच्या जागा अधूनमधून बदलल्या, म्हणजे उन्हासावलीचा फरक एकाच संचाच्या वाट्याला आला नाही.

कुरणाच्या जिवंत मातीत शेडा सरळ वाढला आणि त्याला फुटवे आले. शिजवलेल्या मातीत त्याची पाने जांभळट झाली. स्फुरद कमी पडल्याची ही ओळखीची खूण. चराच्या भरावाच्या मातीतला शेडा शिजवलेल्या मातीतल्या शेड्याच्याच जवळचा होता. म्हणजे भरावातली माती या गवताच्या दृष्टीने बरीचशी मेलेली होती.

गाजर गवत शिजवलेल्या आणि भरावाच्या मातीत सारखेच जोमदार. कुरणाच्या मातीत एकटे वाढवले तेव्हा किंचित कमी. खरा फरक पडला तो जोडीच्या कुंड्यांत. कुरणाच्या जिवंत मातीत शेड्यासोबत वाढलेले गाजर गवत खुरटे राहिले, अगदी कुंपणाच्या खांबांजवळच्या रोपांसारखे. भरावाच्या मातीत तोच शेडा गाजर गवताखाली झाकून गेला. एकटी माती पुरेशी नव्हती आणि एकटे गवतही पुरेसे नव्हते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून, शाई आणि व्हिनेगरने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कुरणाच्या मातीतल्या शेड्याच्या मुळांत बुरशीचे निळे धागे आणि पेशींत झुडपासारखे फुटलेले भाग भरपूर होते. भरावाच्या मातीतल्या मुळांत ते शोधावे लागत. रानमोडीसारखे विशिष्ट रोगजंतू साठवण्याचे चिन्ह आमच्या कुंड्यांत दिसले नाही. कुंड्या थोड्या होत्या आणि कुंडी म्हणजे डोंगर नव्हे, त्यामुळे यावरून मी गाजर गवताबद्दल सर्वसाधारण नियम काढणार नाही. या उतारापुरते मात्र दिशा ठरवायला एवढे पुरेसे होते.

इथे पार्थेनिनबद्दल थोडे सांगायला हवे, कारण "ते जमीन विषारी करते, आता तिथे काही उगवणार नाही" असे गावात अनेकांनी मनाशी धरले होते. पार्थेनिन इतर रोपांच्या उगवणीला त्रासदायक आहे हे खरे. पण जिवंत मातीतले सूक्ष्मजीव ते काही दिवसांत मोडून टाकतात. निर्जंतुक मातीत ते जास्त टिकते. जमीन कायमची बाद झालेली नाही, एवढे कळल्यावर कामाला माणसे आली.

काय केले

औषध मारले नाही. तणनाशकाने गाजर गवत मरते, पण उघडी जमीन उघडीच राहते आणि तिच्यात पुरलेले बी वाट पाहत बसलेले असते.

पाऊस पडून जमीन भिजल्यावर, फुले येण्याआधी, हातमोजे घालून उपटणे चालूच ठेवले. एक बदल केला: कुदळ किंवा फावड्याने माती उकरायची नाही. उकरली की खालचे बी वर येते.

मुख्य काम ठोंबांचे. कुरणातून, एका जागी खड्डा पडणार नाही अशा बेताने विखरून, शेडा आणि पवन्याचे छोटे ठोंब मुळाभोवतीच्या मूठभर मातीसकट काढले आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर भरावावर लावले. ती मूठभर माती या कामात ठोंबाइतकीच महत्त्वाची. नेदरलँड्समध्ये पडीक शेतांवर वरची माती काढून चांगल्या कुरणाच्या मातीचा पातळ थर पसरला, तेव्हा तिथली वनस्पतीही त्या कुरणाच्या दिशेने वळली. २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. आमच्याकडे थर पसरण्याइतकी माती कुरणातून आणणे म्हणजे कुरणच मोडणे, म्हणून मुठीवर भागवले. ठोंबांच्या मधल्या जागेत आदल्या हिवाळ्यात गोळा केलेले कुसळी, पवन्या आणि उन्हाळीचे बी टाकले. सुरुवातीची सावली लवकर पडावी म्हणून टाकळाही. गाजर गवताशी टक्कर द्यायला टाकळा आणि झेंडू पेरण्याचा सल्ला जबलपूरचे तण संशोधन संचालनालयही देते. टाकळ्याची कोवळी पाने बायांनी भाजीला नेली. त्याला कोणाची हरकत नव्हती.

मग नत्राचा प्रश्न. खड्ड्यांत लावलेली बहुतेक झाडे गिरिपुष्पाची होती. मूळ मध्य अमेरिकेचे हे झाड नाशिकच्या टेकड्यांवर खूप लावले गेले, कारण शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि वणव्यानंतर ते पुन्हा फुटते. ते हवेतले नत्र मुळांत बांधते आणि त्याचा पाला जमिनीत नत्र वाढवतो. कमी खतावर सुखाने राहणाऱ्या देशी गवतांना त्याचा फायदा थोडा, झटपट वाढणाऱ्या तणांना जास्त. त्याच्याखाली गाजर गवतासोबत पिवळा-केशरी कॉसमॉसही दाटला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक मुद्दाम थांबून ज्याचे फोटो काढतात, तोच हा मेक्सिकोकडचा पाहुणा. गिरिपुष्पाची झाडे तोडली नाहीत, पण पावसाळ्याच्या तोंडाला त्यांची छाटणी करून पाला भातखाचरांत हिरवळीचे खत म्हणून नेला. उतारावरचे नत्र खाचरात गेले, जिथे ते हवे होते. काही चरांवर इगतपुरीकडच्या गिरणीतले भाताचे तूस पसरले. तूस कुजवताना जंतू मातीतले मोकळे नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि तणाचा पहिला जोर ओसरतो.

सगळ्यात अवघड होती चराई. गुरे आणि शेळ्या गाजर गवत टाळतात आणि कोवळे गवत खातात. उघड्या चराईत प्रत्येक जनावर नकळत तणाची बाजू घेते. पण शेळ्या पाळणाऱ्यांना "दोन वर्षे इकडे येऊ नका" असे सांगणे म्हणजे त्यांच्या घरचा खर्च बंद करणे. गावच्या बैठकीत यावर आवाज चढले, आणि ते योग्यच होते. तोडगा निघाला तो त्यांच्यापैकीच एका दादांनी सुचवलेला: पट्टा अर्धा अर्धा राखायचा, राखलेल्या भागातले गवत बी पडून गेल्यावर कापून शेळ्यावाल्यांनीच आधी न्यायचे. बी आधी पडू द्यायचे ही अट त्यांनी पाळली. मला या कामात कोणाचे सगळ्यात जास्त आभार मानावेसे वाटत असतील तर त्यांचे.

वरच्या देवराईच्या कडेला घाणेरी होती, तिचे काम वेगळे आणि थोडके. वरून तोडली तर ती दुप्पट फुटते. दिल्लीचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये वापरलेली पद्धत घेतली: मुख्य मूळ जमिनीखाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली तोडायचे आणि झुडूप मुळे वर करून ठेवायचे. मोकळ्या झालेल्या जागेत करवंद आणि धायटी आपोआप पुढे सरकली.

काय झाले, कुठे झाले नाही

ठोंब लावलेल्या भरावांवर दुसऱ्या पावसाळ्यापासून गवताचे पट्टे जोडले जाऊ लागले आणि त्यानंतर गाजर गवत तिथे तुरळक, बुटके. नुसते बी टाकलेल्या भागात गवत आले, पण हळू आणि ठिगळाठिगळांनी; मातीची मूठ जिथे पोचली नाही तिथे फरक डोळ्यांना दिसतो. तूस पसरलेल्या चरांवर पहिल्या वर्षी तण कमी होते, पुढे त्याचा वेगळा फायदा जाणवला नाही, त्यामुळे पुन्हा तूस आणण्याचा खर्च मी सुचवणार नाही. मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा, ज्याची १९८४ मध्ये बंगळूरला पहिली सोडणी झाली, तो पावसाळ्यात इथेही पाने कुरतडताना दिसतो. एकटा तो हे तण संपवत नाही. पण पाने गमावलेले रोप दाट गवतात पुन्हा डोके वर काढू शकत नाही, आणि अशा ठिकाणी त्याची मदत मोजण्यासारखी आहे.

खालच्या, गुरे बसण्याच्या जागी काहीही चालले नाही. ठोंब तुडवले गेले, उरलेले शेणामुताच्या नत्रात गाजर गवताखाली गेले. तिथे गुरे बसतात तोवर कुरणाचे गवत टिकणार नाही. तो हट्ट सोडून दिला आहे. फुलण्याआधी उपटून त्याचे कंपोस्ट करणे आणि वाटेच्या कडेने टाकळा राखणे एवढेच तिथे चालू आहे. याच जागेवरून खुरांना आणि चाकांना चिकटून बी वर जाते, म्हणून तिथली उपटणी कधीच थांबवता येणार नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात रस्त्यांची कामे आणि मुरमाची वाहतूक वाढली आहे. प्रत्येक ताजा भराव म्हणजे गाजर गवताला मोकळी जागा, आणि मुरमाच्या प्रत्येक खेपेत त्याचे बी असू शकते. जवळच अंजनेरीचा डोंगर आहे, ज्याच्या नावाने ओळखले जाणारे कंदीलपुष्प तिथल्या पातळ मातीवर वाढते. अशा जागांच्या पायथ्याला माती उलटवताना आधी दहा वेळा विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

गेल्या वर्षी गावाकडे कुरणाच्या वरच्या भागातही चर खोदण्याचा प्रस्ताव आला. ग्रामसभेने ठराव केला की कुरणात जेसीबी जाणार नाही. पाणी अडवायचे ते ओघळींत, सुट्या दगडांचे बांध हाताने रचून. झाडे लावायची ती कुरणाच्या कडेला, पळस, धावडा आणि करवंदाची, गवत मोडणार नाही एवढ्याच रुंदीच्या खड्ड्यात. खोदताना वरची माती एका बाजूला आणि मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवायचा. भरताना मुरूम खाली, माती वर.